तसबिरीची पाठ

रविवर्म्याची सरस्वती कशी दिसते हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. पाण्याकाठचा खडक, हाती वीणा, जवळ मोर. डोळे मिटले तरी चित्र समोर उभे राहते. तीच सरस्वती संग्रहालयाच्या टेबलावर येते तेव्हा मात्र प्रश्न बदलतात. समोरचा हा एक कागद कुठल्या छापखान्यातून निघाला? साधारण कधी? कोणी विकला, कोणाच्या भिंतीवर लागला, आणि इथे पोहोचेपर्यंत त्याचे काय काय झाले? या चित्राच्या अगणित प्रती निघाल्या आणि प्रत्येक प्रत आपापल्या वाटेने गेली. सूचीकाराला लिहायची असते ती त्यांतल्या एकीची हकिकत. चित्र सगळ्यांच्या ओळखीचे असते, प्रत कोणाच्याच ओळखीची नसते.

जुन्या नोंदवह्यांत अशा तसबिरींच्या वाट्याला बहुधा एकच ओळ आलेली दिसते: देवीचे रंगीत चित्र, काच व चौकटीसह, एक नग. त्याच वहीत एखाद्या ताम्रनाण्याला वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा मजकूर असे सगळे मिळालेले असते. कारण समजण्यासारखे आहे. एकुलत्या एका वस्तूला मान देण्याची संग्रहालयांची जुनी सवय आहे, आणि छापील तसबीर म्हणजे बाजारात डझनाने मिळणारा माल. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सामान्य मराठी घरात पहिल्यांदा जे चित्र शिरले, देवघरापासून ओसरीपर्यंत पोहोचले, ते हेच. तैलचित्रे राजवाड्यात होती. ज्या कागदाने लाखो लोकांच्या मनातली देवाची मूर्ती ठरवून टाकली, त्याला एका ओळीत उरकणे मला पटत नाही.

दगडावरची छपाई आपल्याकडे रविवर्म्याच्या पुष्कळ आधी आली. बव्हेरियातल्या आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत शिळाछापाचे तंत्र शोधून काढले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली या तंत्राने मराठी पंचांग छापले. रंगीत शिळाछापाचे, म्हणजे क्रोमोलिथोग्राफीचे, पेटंट फ्रान्समध्ये गोदफ्रा एंगेलमानने १८३७ मध्ये घेतले. आणि १८७८ मध्ये पुण्यात ‘निबंधमाले’चे कर्ते विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सहकाऱ्यांना घेऊन चित्रशाळा काढली. रामपंचायतन आणि शिवपंचायतन यांच्या बरोबरीने नाना फडणवीसही तिथून छापून निघाले. ज्याने हाती लेखणी धरून स्वभाषेचा अभिमान जागवला त्याला चित्राचीही गरज वाटली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पुढे टिळकांचे स्नेही वासुकाका जोशी यांनी हा छापखाना दीर्घकाळ चालवला. चित्रशाळेच्या वर्षीच कलकत्त्यात अन्नदाप्रसाद बागची आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कलकत्ता आर्ट स्टुडिओ सुरू केला होता. देशाच्या दोन टोकांना एकाच वर्षी देवांची चित्रे दगडावर चढली.

रविवर्म्याच्या छापखान्याची कथा सूचीकाराने सनावळीसकट पाठ करावी, कारण त्याच्या हाताखालून जाणाऱ्या तसबिरींपैकी बऱ्याच तिथल्या असतात. आपल्या चित्रांच्या रंगीत प्रती काढाव्यात असे रविवर्म्याला सुचवले ते सर टी. माधवराव यांनी. हे दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले; त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांसाठी रविवर्म्याने चौदा पौराणिक चित्रे केली. ती मुंबईत मांडली गेली तेव्हा बघ्यांची गर्दी लोटली, आणि या चित्रांना किती मागणी निघेल हे सगळ्यांच्या लक्षात आले. १८९४ मध्ये गोवर्धनदास खटाव मकनजी यांच्या भागीदारीत मुंबईत छापखाना सुरू झाला. जर्मनीहून यंत्रे आणि कारागीर आले. पहिले चित्र निघाले ते शकुंतलाजन्माचे. पुढे मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि छापखाना घाटकोपरहून लोणावळ्याजवळ मळवलीला, कार्ल्याच्या लेण्यांच्या परिसरात गेला. धंद्याचे गणित जमले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. १९०६ मध्ये रविवर्मा गेला. छापखाना मात्र चालूच राहिला, तो १९७२ च्या आगीपर्यंत.

म्हणजे रविवर्म्याच्या नावाचा छापखाना रविवर्म्यामागे सहा दशकांहून अधिक काळ चालला. ही एक गोष्ट नजरेआड झाली की पुढची सगळी नोंद चुकते.

समजा, चित्राच्या एका कोपऱ्यात रविवर्म्याची सही आहे आणि शेजारी सन आहे. नवखा माणूस तो सन नोंदीत ‘छपाईचा काळ’ म्हणून उतरवतो. पण सही आणि सन या दोन्ही गोष्टी मूळ तैलचित्रातल्या आहेत. चित्रातली पाने-फुले जशी दगडावर उतरली तशीच सहीदेखील उतरली. ती प्रत चित्रानंतर दोन वर्षांनी निघाली असेल किंवा तीस. म्हणून चांगल्या नोंदीत दोन वेगवेगळे रकाने असतात, रचनेचा काळ आणि छपाईचा काळ. ‘चित्रकार: राजा रविवर्मा’ असेही सरळ लिहीत नाहीत, ‘राजा रविवर्मा यांच्या चित्रावरून’ असे लिहितात. दगडावर ते चित्र पुन्हा काढणारा हात दुसऱ्याचाच होता, आणि बहुतेक वेळा त्या हाताचे नाव कागदावर कुठेही नाही.

तो हात काय करत असे हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्याच्या खुणांवरूनच प्रत ओळखू येते.

शिळाछापाला लागणारा दगड विशेष प्रकारचा, अगदी बारीक कणांचा चुनखडक. उत्तम प्रतीचा दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणीतून जगभर जाई. त्याचा पृष्ठभाग घासून सपाट करायचा आणि त्यावर तेलकट शाईने किंवा खडूने चित्र उलटे काढायचे. मग डिंक आणि नायट्रिक आम्लाच्या सौम्य मिश्रणाचा हात द्यायचा. त्याने चित्राचा भाग तेल धरतो आणि रिकामा भाग पाणी. दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांवर बसते, ओल्या जागी बसत नाही. सगळी विद्या तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे. एका रंगाला एक दगड. सरस्वतीच्या गालावरची एक छटा साधायला फिका पिवळा, गुलाबी, तपकिरी, राखाडी असे कितीतरी दगड एकावर एक छापावे लागत, आणि प्रत्येक दगडावर कारागीर टाकाच्या टोकाने हजारो ठिपके हाताने देई. कुठे दाट, कुठे विरळ. रंगाचा उतार साधायचा तो असा. दर वेळी कागद नेमका त्याच जागी बसावा म्हणून समासात फुलीच्या खुणा असत.

आता दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे आणि प्रतीतल्या चेहऱ्यावर टेकवावे. शिळाछाप असेल तर ठिपके वेडेवाकडे दिसतात: एक गोल, दुसरा लांबट, तिसरा शेजारच्याला चिकटलेला. रंग एकमेकांवर पारदर्शक थरांनी चढलेले असतात. एखाद्या ठिकाणी निळा दगड केसभर सरकलेला दिसतो आणि पदराच्या काठाला निळी कड येते. हेच चित्र नंतरच्या ऑफसेटवर छापलेले असेल, तर भिंगाखाली ठिपक्यांची आखीव जाळी दिसते, चार रंगांचे ठिपके ठरलेल्या कोनांत, फुलाच्या पाकळ्यांसारखे वर्तुळाने मांडलेले. साध्या डोळ्यांना दोन्ही प्रती सारख्याच. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जुन्या सागवानी चौकटीत नवा कागद बसवून तो जुना म्हणून विकला जातो, तेव्हा निकाल याच भिंगाने लागतो. म्हणून ‘तंत्र’ या रकान्यात काय लिहायचे ते आधी ऐकून ठरवू नये, भिंगातून पाहून ठरवावे.

त्या रकान्यात आणखी एक खाच आहे. घरोघरी, दुकानांत आणि लिलावांच्या याद्यांत या सगळ्या चित्रांना सरसकट ओलिओग्राफ म्हटले जाते. ओलिओग्राफ म्हणजे रंगीत शिळाछापावर वार्निश चढवून आणि कॅनव्हासची वीण दाबून उमटवून त्याला तैलचित्राचा आव आणलेली प्रत. ज्या प्रतीवर वार्निश नाही, वीण नाही, तिला नोंदीत क्रोमोलिथोग्राफच म्हणावे. शोधणाऱ्याला सोय म्हणून ‘ओलिओग्राफ’ हा प्रचलित शब्द दुसऱ्या रकान्यात खुशाल द्यावा. वार्निश आहे की नाही हे कळायला प्रत उजेडात तिरपी धरावी लागते. पिवळसर झालेला तो थर चमकतो आणि विणीच्या बारीक उभ्या-आडव्या रेघा उठून दिसतात.

सूचीकाराला सर्वांत जास्त हवा असतो तो चित्राखालचा समास. तिथे चित्राचे नाव असते, बहुधा देवनागरीत आणि इंग्रजीत. एखादा क्रमांक असतो. छापखान्याचे नाव आणि गाव असते: घाटकोपर, कार्ले-लोणावळे, किंवा ‘चित्रशाळा स्टीम प्रेस, पुणे’. विक्रेत्याचे नाव असते. रविवर्मा प्रेसच्या कितीतरी प्रतींवर ‘अनंत शिवाजी देसाई, मोतीबाजार, मुंबई’ असे छापलेले आढळते. छापील तसबिरींवर छपाईचा सन क्वचितच असतो, त्यामुळे काळ ठरतो तो या पत्त्यांवरून. घाटकोपरचा पत्ता असेल तर प्रत मळवलीला जाण्याआधीची धरता येते, मात्र तिथेही जपून. रविवर्म्याच्या यशानंतर त्याच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेऊन इतरही छापखाने उभे राहिले. म्हणून मजकूर अक्षरशः उतरवायचा. स्पेलिंग चुकलेले असले तर चुकलेलेच, विरामचिन्ह जिथे आहे तिथे, ओळ जिथे तुटते तिथे तोडून. शुद्धलेखनाची सवय असलेल्या मराठी माणसाला हे जड जाते. पण ती चूक हीच पुढे एखाद्या आवृत्तीची ओळख ठरते.

आणि नेमका हाच समास बहुतेक प्रतींवर नसतो. फ्रेमवाल्याने तो कापलेला असतो. मोठ्या आकाराच्या प्रती साधारण ५० × ७० सेंटीमीटरच्या. तयार चौकट थोडी लहान निघाली की कात्री चालायची, आणि गिऱ्हाईकालाही देवाखाली इंग्रजी अक्षरे नकोच असत. एका कात्रीबरोबर छापखाना, गाव, विक्रेता, क्रमांक सगळेच गेले. अशी प्रत हाती आली की माणसाला हळहळ वाटते. मग उरतो तो एकच मार्ग: त्याच चित्राची समास शाबूत असलेली प्रत दुसऱ्या संग्रहात शोधायची आणि दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघायच्या. दगडावरच्या ओरखड्याची रेघ, एका ठिकाणी चुकून पडलेला ठिपका, मोराच्या पिसातला एक न भरलेला डोळा, अशा खुणा दोन्हींत जुळल्या तर त्या एकाच दगडावरून निघाल्या असे म्हणता येते. नुसती चित्रे जुळून भागत नाही, कारण तेच चित्र पुढे नव्या दगडांवर पुन्हा काढले गेले असू शकते. दगड महाग होते. काम संपले की घासून दुसऱ्या चित्रासाठी वापरले जात. त्यामुळे नोंदीत अशा खुणांचा उल्लेख हवा, आणि मोजमाप देताना कागदाचे माप वेगळे, चित्रचौकटीचे वेगळे, आणि कडा कापलेल्या आहेत की मूळच्या, हे स्पष्ट हवे. आज ‘कडा कापलेल्या’ एवढे दोन शब्द लिहून ठेवले तर उद्या दुसऱ्या गावचा कोणी अभ्यासक त्या प्रतीला तिचा छापखाना परत मिळवून देऊ शकतो.

सगळ्यांत सुंदर आणि सगळ्यांत अवघड प्रती म्हणजे सजवलेल्या. देवीच्या साडीवर खरी जरी शिवलेली, मुकुटावर टिकल्या, गळ्यात बारीक मोती, कधी पूर्ण वस्त्रच मखमलीचे किंवा रेशमाचे, आणि छापील भाग उरतो तो फक्त चेहरा, हात आणि पाय. बाजारात तयार सजवलेल्या प्रतीही मिळत आणि घरोघरीही हे काम होई. अशा प्रतीचा कर्ता कोण? रविवर्मा, दगडावर ठिपके देणारा कारागीर, छापखाना, विक्रेता, की कागदातून सुई काढून टिकली बसवणारी ती बाई? माझ्या मते उत्तर ‘सगळेच’ असे आहे, आणि नोंदीत प्रत्येकाला आपापली जागा मिळाली पाहिजे. नाव माहीत नसले तर ‘सजावट: अज्ञात, बहुधा घरगुती’ असे लिहावे, रकाना रिकामा सोडू नये. अशा प्रतीची पाठ तिरप्या उजेडात पाहिली की सुईची भोके दिसतात. टाके सरळ रांगेत आणि एकसारखे असतील तर सरावाच्या कारागिराचे, मागे गाठी आणि मध्येच बदललेला दोरा असेल तर घरचे, असा अंदाज बांधता येतो. तो अंदाज म्हणूनच लिहावा. भरतकाम, कापड, धातूची जरी, गोंद, काच, कागद ही सगळी सामग्री नोंदीत आली पाहिजे, कारण प्रत्येकाचे दुखणे वेगळे. जरीचा धातू काळवंडतो आणि शेजारच्या कागदाला डाग देतो. मखमलीत कसर लागते.

आता पाठीविषयी. काच असलेली तसबीर भिंतीवरून काढून उलटी केली की मागे बहुधा लाकडाची पातळ फळी असते, छोट्या खिळ्यांनी ठोकलेली. ती उचलताना घाई करायची नाही. फळी आणि चित्र यांच्यामध्ये पुष्कळदा जुने वर्तमानपत्र किंवा जमाखर्चाच्या वहीचे पान घातलेले असते. त्यावर तारीख असली तर त्या दिवसाआधी ती चौकट बंद झालेली असू शकत नाही, एवढे नक्की होते. छपाईचा काळ त्याने ठरत नाही. चित्र आधीच घरात असेल आणि नंतर केव्हातरी चौकटीत बसवले असेल, किंवा एकदा उघडून पुन्हा बंद केले असेल. खिळ्यांच्या भोकांच्या दोन रांगा दिसल्या तर असे झाले आहे हे उघडच. चित्राच्या पाठीवर लाकडातल्या गाठीचा तपकिरी ठसा उमटलेला असतो, गाठीच्या वळणांसकट; लाकडातले आम्ल वर्षानुवर्षे कागदात मुरल्याची ती खूण. कुठे फ्रेमवाल्याचे लेबल, कुठे पेन्सिलीने लिहिलेली किंमत, कुठे मोडीतले नाव. एका कोपऱ्यात मोडी दिसली की ती वाचता येणारा माणूस शोधायचा, आणि तोवर तिचा स्वच्छ फोटो काढून ठेवायचा.

पुढची बाजू म्हणजे काच. त्या काचेवर गंध, कुंकू, हळद यांचे थर असतात, हाराच्या दोऱ्याने घासलेली रेघ असते, वरच्या कडेला उदबत्तीच्या धुराचा काळपटपणा असतो. काच नसलेल्या प्रतीत कुंकू थेट कपाळावरच लावलेले असते, बोटाचा ठसा दिसेल असे. ते स्वच्छ करावे का? कागदाला अपाय करणारी बुरशी, कीड, चिकट तेल काढलेच पाहिजे, त्यात वाद नाही. पण कुंकवाचा टिळा हा मळ आहे असे मी मानत नाही. ही तसबीर पुजली गेली याचा दुसरा पुरावा आपल्याकडे नसतो. चित्र छापणाऱ्याने सरस्वती छापली. टिळा लावणाऱ्या घराने तिला देवी केले. संग्रहालयाने पहिली अर्धी गोष्ट ठेवायची आणि दुसरी पुसून टाकायची, हे बरोबर नाही. निदान काच पुसण्याआधी तिचा फोटो घ्यावा, टिळा कुठे आहे, केवढा आहे ते लिहावे, आणि जुनी काच फोडून-टाकून न देता तिलाही क्रमांक द्यावा. चौकटीलाही तसाच. प्रत, काच, चौकट, फळी, मधला कागद ही एका वस्तूची अंगे आहेत. एकाच मूळ क्रमांकाखाली क, ख, ग लावून ती एकत्र ठेवता येतात.

क्रमांक देण्याची आणि ठेवण्याची बाकी रीत सर्वत्र साधारण सारखीच आहे. परिग्रहण क्रमांक कागदाच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. शाई नाही, चिकटपट्टी नाही. आम्लरहित फोल्डर, सपाट खण, दमटपणा बेताचा आणि चढउताराविना. प्रदर्शनात उजेड ५० लक्सच्या आत, तोही काही महिनेच. कोकणातल्या पावसाळ्यात हे साधणे सोपे नाही.

वर्णनाचे शब्द हा मात्र निराळाच प्रश्न आहे. चित्रांतले विषय ओळखून त्यांना सांकेतिक आकडे देण्याची ‘आयकॉनक्लास’ नावाची पद्धत हेन्री व्हान डे वाल या डच अभ्यासकाने रचली. युरोपातल्या संग्रहालयांत ती रुजलेली आहे. तिच्या दहा मुख्य विभागांपैकी एक अख्खा विभाग बायबलला, एक अख्खा ग्रीक-रोमन पुराणकथांना आणि प्राचीन इतिहासाला. हिंदू देवदेवता येतात त्या पहिल्या विभागातल्या ‘ख्रिस्तीतर धर्म’ या एका पोटशाखेत. दत्तात्रेयाची तीन मुखे, चार कुत्रे आणि गाय, किंवा रामपंचायतनात कोण कुठे उभे आहे, हे सांगायला तिथे जागा कमी पडते. इथे मराठीत झालेले काम कामी येते. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा प्राचीन चरित्रकोश आणि महादेवशास्त्री जोशींनी संपादलेला दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश सूचीकाराच्या टेबलावर कायम हवेत. नथ, तोडे, वाकी, चिंचपेटी, काष्टा, पदर, शालू, पैठणी हे शब्द आपल्याजवळ असताना नुसते ‘दागिने घातलेली, साडी नेसलेली स्त्री’ असे लिहिणे म्हणजे पाहिलेले न सांगणे. रविवर्म्याच्या कितीतरी पौराणिक स्त्रियांनी इकडच्या धाटणीचे लुगडे नेसले आहे. ते कसे नेसले आहे हे नोंदीत आले तरच वस्त्रांचा अभ्यास करणाऱ्याला ते सापडेल.

चित्राचे छापील नाव आणि चित्रातला प्रसंग यांतही फरक करावा लागतो. शकुंतलाजन्म या नावाखाली दिसते ते असे: मेनका तान्ह्या मुलीला पुढे धरते आहे आणि विश्वामित्र हात आडवा करून तोंड फिरवतो आहे. जन्म चित्रात नाहीच, नाकारणे आहे. म्हणून छापील नाव एका रकान्यात जसेच्या तसे, प्रसंग दुसऱ्या रकान्यात आपल्या शब्दांत. रविवर्मा प्रेसच्या चौऱ्याऐंशी देवतांच्या गाईसारखी चित्रे तर त्या काळच्या गोरक्षणाच्या चळवळीशी जोडलेली आहेत. तिथे गाईवर तलवार घेऊन धावणाऱ्या आकृतीला आपण मनाने नाव देऊ नये. चित्रावर काय छापले आहे ते उतरवावे, आकृती कशी दिसते ते लिहावे, आणि अर्थ लावण्याचे काम अभ्यासकावर सोडावे.

एकच चित्र किती रूपांत फिरले हेही नोंदीतून कळायला हवे. मोहिनी किंवा लक्ष्मी मोठ्या प्रतीवरून छोट्या प्रतीवर आली, तिथून पोस्टकार्डावर, कॅलेंडरवर. स्वीडन, ऑस्ट्रिया आणि जपानमधून येणाऱ्या काड्यापेट्यांवर आणि मँचेस्टरच्या कापडाच्या ताग्यांवर चिकटवलेल्या लेबलांवरही आपले देव होते. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी रविवर्मा प्रेससाठी काम करत होते, हे ध्यानात घेतले की या चित्रांचा धागा पडद्यावरच्या पहिल्या पौराणिक पटांपर्यंत जातो. कागदी वहीत हे संबंध दाखवणे अवघड होते. संगणकावर सोपे आहे, अट एवढीच की प्रत्येक नोंदीत ‘कशावरून’ आणि ‘यावरून पुढे’ हे दोन दुवे भरलेले असावेत. पुण्याच्या सी-डॅकने तयार केलेली ‘जतन’ ही प्रणाली केंद्र सरकारच्या संग्रहालयांत वापरली जाते. साधन आपल्या गावात तयार झालेले आहे. मराठी रकाने मराठीत भरायचे एवढे आपण करायला हवे, आणि शोधणारा माणूस ‘रविवर्मा’, ‘रवि वर्मा’, ‘राजा रवी वर्मा’ यांपैकी काहीही टंकेल हे धरून सगळी रूपे नोंदीला जोडायला हवीत. ‘तसबीर’ आणि ‘देवाचा फोटो’ हे शब्दसुद्धा हवेत, कारण ज्यांच्या घरात ही चित्रे आहेत ते याच शब्दांनी ती शोधतील.

अजूनही अशा तसबिरी सगळ्यांत जास्त कुठे असतील तर त्या घरांतच आहेत. वाडा पडतो, फ्लॅटमध्ये जागा नसते, आणि आजीच्या देवघरावरची तसबीर देवळाच्या पारावर ठेवली जाते किंवा भंगारात जाते. संग्रहालयाला द्यायची असो वा पुतण्याकडे पाठवायची असो, त्याआधी थोडे करता येईल. चौकट उघडू नका, काच पुसू नका. पुढून आणि मागून, दिवसाच्या उजेडात फोटो काढा. समासातला मजकूर दिसत असेल तर त्याचा जवळून वेगळा. मग घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसून विचारा: ही कोणी आणली, कुठल्या खोलीत होती, कुठल्या दिवशी हिला हार घालायचा, टिकल्या कोणी लावल्या. आजीने नाव सांगितले तर ते नाव, गाव आणि नाते लिहून घ्या, आणि माहिती कोणी सांगितली, कधी सांगितली तेही खाली लिहा. ती चिठ्ठी तसबिरीच्या पाठीवर चिकटवू नका. पाकिटात घालून सोबत द्या.